अनावश्यक आवाज

बळवंतरावांच्या कृत्रिम कानात सकाळपासून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती भरत होती. नव्व्याण्णव टक्क्यांवर ती अशी अडून बसली, की ठार बहिऱ्या अवस्थेत वैतागून त्यांनी जुन्या रेडिओला मारावी तशी कानशिलावर थाप मारली. अखेर कानात सूचना झाली, "अनावश्यक आवाज काढून टाकले आहेत."

पंख्याची घरघर गेली, रस्त्यावरचे हॉर्न गेले. बळवंतराव खूश! मग ते स्वयंपाकघरात डोकावले. त्यांच्या पत्नी कुमुदताई ओट्याशी नेहमीसारख्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

त्यांनी तडक जुनी आवृत्ती परत मागवली. पुन्हा तेच टक्के, तीच थाप. संध्याकाळी कान उघडले.

"...दिवसभर नुसता कान धरून बसलेत, जेवणाची शुद्ध नाही या माणसाला!"

"पुन्हा म्हण," बळवंतराव म्हणाले.