दारातलं पाणी

बब्रुवान मास्तरांनी अंगणात तीन धोंडे मांडले, त्यांवर पाण्याचा हंडा चढवला, आणि त्यांची बायको मथुरा पिठाच्या हातानं तशीच दारात आली.

"दारात नका ठेवू पाणी," ती म्हणाली.

"का?"

मथुरेनं घरात नजर टाकली. आत तिची सासू, सारजाबाई, अंथरुणावर बसली होती. आठ दिवसांचा ताप काल उतरला होता आणि आज ती न्हायचं म्हणत होती. तिच्या कानावर जाईल अशा आवाजात ते कारण बोलायची मथुरेची छाती होईना. दारात तीन धोंड्यांवर पाणी कधी तापतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस गेलं की तापतं. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण वैशाखात शाळेला सुट्टी होती आणि मास्तर काटकसरीला लागले होते.

उन्हाळ्यात घरातले सगळे गार पाण्यानं न्हायचे. ऊन पाणी लागायचं ते एकट्या म्हातारीला, सांधे धरायचे म्हणून. ते स्वस्तात स्वस्त कसं तापवावं यावर मास्तरांनी बरंच डोकं चालवलं होतं. हंडा उन्हात ठेवून पाहिला. पाणी झकास तापलं, पण दुपारी. आणि म्हातारी तर न्हाऊन तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाला तोंड लावत नव्हती. भाकरी झाल्यावर उरलेल्या विस्तवावर ठेवून पाहिला. पाणी जेमतेम कोमट झालं. त्यानं म्हातारी अंग चोरून न्हाली, पण बोलली नाही. गोवऱ्या तर जाळायच्याच नव्हत्या. शेण खताला घाला, असं तालुक्याहून, भूमहून आलेले विकास योजनेचे साहेब सांगून गेल्यापासून मास्तरच ते चावडीवर सांगत होते. राहिला लिंबाखाली पडलेला पाला. तो फुकटचा. त्याचा धूर माळवदाच्या घरात कोंडला असता आणि घराला परस नव्हता, म्हणून अंगण. हिशेबात कुठं खोट नव्हती.

विस्तवाला दार कळतं का परस, असं म्हणून मास्तरांनी काडी ओढली. मथुरा भाकरीकडं माघारी वळली. नवरा शिकलेला असला की बायकोला गप्प बसायची सवय लवकर लागते.

पाला पेटला कमी आणि धुमसला जास्त. धूर गल्लीत गेला. समोरची द्वारकाबाई बाहेर आली. तिनं धोंडे पाहिले, हंडा पाहिला, डोळे पुसत बसलेले मास्तर पाहिले, आणि तिथंच हंबरडा फोडला. "आत्या गं, काल तर माज्याशी बोललीस की गं!"

मास्तर उठून दोन्ही हातांनी नाही नाही म्हणू लागले. पण दारात पाणी ठेवलेला माणूस असे हात हलवायला लागला की लोक त्याला धरून खाली बसवतात. शेजारच्या धुळाप्पानं तेच केलं. "सोसा मास्तर," तो म्हणाला. "वय झालतं."

पाठोपाठ गल्ली लोटली. रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. सरणाला घरटी एक लाकूड द्यायचं ही गावची रीत. धुळाप्पानं बाभळीचा ओंडका आणला होता. कुणी मोडकं जू आणलं, कुणी पडक्या छपराचा वासा. कोंडाबाईच्या घरी एका वेळची चूल पेटायची मारामार, तिनं बाजेचा निखळलेला पाय आणून ठेवला. बघता बघता अंगणात लाकडांचा ढीग झाला. माय जित्ती हाय, असं मास्तर दोनदा म्हणाले. धुरानं घसा बसला होता आणि रडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"कोण गेलं गं?"

सारजाबाई चौकट धरून उभी होती.

रडणं जागच्या जागी थांबलं. द्वारकाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. सगळ्यांनी म्हातारीकडं पाहिलं, मग मास्तरांकडं, मग खाली मातीकडं. कुणी हसलं असतं तर मास्तरांना सुटल्यासारखं झालं असतं. कुणी हसलं नाही. गल्लीपुढं शरम वाटली ती एक, पण आईकडं मान वर करून बघता येईना, ती शरम मास्तरांना जन्मात कधी वाटली नव्हती.

लोक एकेक करून निघाले. लाकडाला कुणी हात लावला नाही. ज्याचं त्यानं घेऊन जा, म्हणून मास्तर एकेकाला विनवत होते. धुळाप्पा तेवढा थांबला.

"मयताला दिल्यालं लाकूड माघारी न्हेत न्हाईत, मास्तर," तो हलक्या आवाजात म्हणाला आणि गेला.

सारजाबाई उंबऱ्यावर टेकली. तिनं आपल्या वयात पुष्कळांना शेवटचं न्हाऊ घातलं होतं. धोंडे आणि हंडा बघून तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मास्तर हंडा उतरवायला वाकले. हात भाजला तरी ते काठ सोडीनात.

"राहू दे तितंच," ती म्हणाली. मग ती ढिगातली लाकडं एकेक न्याहाळू लागली.

"गावानं एवढी लाकडं माज्यासाठी आणली व्हय गं?" तिनं मथुरेला विचारलं.

मथुरेनं मान डोलावली.

"मग घाल त्यातली दोन खाली," सारजाबाई म्हणाली. "आज तरी ऊन पाण्यानं न्हाते."