दाखल्यातलं भोक

बद्रीनाथरावांनी दाखल्याच्या भोकातून तर्जनी घातली आणि पलीकडून हलवून दाखवली.

"हे काय आहे?"

"भोक," आनंद म्हणाला. या खिडकीवर तो सहाव्यांदा उभा होता, त्यामुळे उत्तरं तोकडी झाली होती.

"ते दिसतंय. भोक उंदराचं असतं, वाळवीचं असतं. हे पट्टी लावून कापलंय. आणि नेमकं जातीच्या रकान्यात."

दाखला नागोरावांचा होता. चौथी पास, वर्धा जिल्ह्यातली शाळा. नागोराव तिथून खडकीला आले, दारूगोळा कारखान्यात लागले आणि क्वार्टरमध्येच म्हातारे झाले. आता त्यांची पणती, आनंदची मुलगी राजनंदिनी, इंजिनिअरिंगला निघाली होती. जात पडताळणीचा अर्ज केल्याची पावती कॉलेजला उद्या पाचच्या आत हवी होती, नाहीतर जागा पुढच्या नंबराला. आणि अर्जाला हवा होता पन्नास सालाच्या आधीचा एक कागद, ज्यावर पणजोबांची जात लिहिलेली आहे.

"शाळेतून दुसरी प्रत काढा."

"शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. त्यांचं तसं पत्र मागच्या खेपेला दिलंय."

"हो, लावलंय मी. पत्र चांगलं आहे." बद्रीनाथरावांनी दाखला उजेडात धरला. "शिवाय वर्धा तेव्हा मध्य प्रांतात. म्हणजे तुम्ही मूळचे बाहेरचे."

"गाव हललं नाही हो," मागच्या बाकावरून आवाज आला. "राज्यं हलली."

आवाज कौशल्याबाईंचा. नागोरावांची लेक, आनंदची आत्या, वय सत्त्याहत्तर. शेजारी राजनंदिनी, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात सगळे नागोराव. त्या उठून खिडकीशी आल्या आणि त्यांनी एक फोटो आत सरकवला. कोट, टाय, मागे रंगवलेला जिना.

"बुधवार पेठेतल्या स्टुडिओत काढलेला. मागे तारीख आहे, एकोणपन्नास सालची."

"कोट त्यांचा?"

"स्टुडिओचा."

"टाय?"

"तोही स्टुडिओचा."

"मग यात त्यांचं काय?"

"चेहरा."

बद्रीनाथरावांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "तारीख चालेल. पण आजी, फोटोत जात दिसत नाही."

"त्यासाठीच तर काढला होता."

आनंदनं कपाळ खिडकीच्या गजांना टेकवलं. "साहेब, कारखान्याचं सर्व्हिस बुक आहे. त्यात लिहिलंय."

"त्यात 'बौद्ध' लिहिलंय, सत्तावन्न साली. मला पन्नासच्या आधीचं हवंय. आता सांगा, हे कापलं कुणी?"

"आबांनीच, माझ्या वडिलांनी," कौशल्याबाई म्हणाल्या. "छप्पन्नला नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्याच संध्याकाळी. दाढीच्या ब्लेडनं. कागद हलू नये म्हणून मी धरला होता."

"आणि कापलेला तुकडा?"

"चुलीत."

"असे तुकडे जपून ठेवायचे असतात हो," बद्रीनाथराव मनापासून हळहळले.

"आधी मला मोठ्यानं वाचायला लावला. आठ वर्षांची होते. म्हणाले, कौसे, हे आपल्या घरात शेवटचं वाचलं गेलं."

बद्रीनाथरावांचा चेहरा सहा खेपांत पहिल्यांदा उजळला.

"म्हणजे तुम्ही वाचलंय." त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. "रक्ताच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. तिथं काय लिहिलेलं होतं ते लिहा, सही करा आणि माझ्यासमोर मोठ्यानं वाचा. अर्ज आज घेतो, पावती देतो. पुढचं समिती बघेल."

"मोठ्यानं कशाला?" आनंदनं विचारलं.

"पद्धत आहे."

कौशल्याबाईंनी राजनंदिनीकडे पाहिलं. ती खिडकीशी येऊन पणजोबांच्या फोटोतल्या रंगवलेल्या जिन्याचा मोबाइलवर फोटो काढत होती.

"नंदे, खाली जा आणि मला एक चहा आण."

"आत्याआजी, इथे मशीन आहे ना चहाचं."

"मशीनचा मला सोसत नाही. खालचा आण. सावकाश आण."

ती जिन्यावरून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी पेन मागून घेतलं. अक्षर शाळेतल्यासारखं, रेघ न सोडणारं. सगळं लिहून झाल्यावर चष्मा नीट केला आणि वाचायला लागल्या. नेमक्या त्या शब्दाला टोकनची घंटा वाजली.

"ऐकू नाही आलं," बद्रीनाथराव म्हणाले. "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. या वेळी घंटा वाजली नाही. शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळून बघायला लागला, मग आपल्या फाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

शिक्का बसला. पावती बाहेर आली. आनंदनं ती दोनदा वाचली, घडी घातली, उघडून पुन्हा एकदा वाचली.

कौशल्याबाईंनी दाखला डब्यात फोटोखाली ठेवला, झाकण लावलं, आणि तरी तिथंच उभ्या राहिल्या.

"अहो साहेब, पोरीचं काम झालं की हे मी लिहिलेलं परत मिळतं का?"

"छे. ते कायम जतन करतात. आमच्याकडे वाळवीसुद्धा नाही, अगदी निर्धास्त राहा." बद्रीनाथरावांनी पुढचा टोकन नंबर दाबला. "पण परत कशाला हवंय तुम्हाला?"

"घरी ब्लेड आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.