आठवडाभराची सवय

दिव्यांच्या उजेडात वाढलेली टोमॅटोची रोपं दिसायला तजेलदार, पण नको तितकी लाडावलेली असतात, हे रोपवाटिकेतल्या बाईंना तोंडपाठ होतं. एकदम उन्हात ठेवली की माना टाकतात. म्हणून पहिल्या दिवशी एक तास बाहेर, दुसऱ्या दिवशी दोन, असं आठवडाभर.

घरी मात्र बाईंचं डोकं फिरलं होतं. लेक सोमवारी एक तास उशिरा आली, मंगळवारी दोन, आणि आज शनिवारी चक्क सहा. फोनही उचलला नाही.

"होतीस कुठे इतका वेळ?"

"इथेच. खालच्या मजल्यावर, मैत्रिणीकडे."

"मग वर यायला काय झालं होतं?"

 

"उद्या हॉस्टेलला जायचंय ना, आई. एकदम गेले असते तर तू मान टाकली असतीस."