निळा सापळा

दोन महिन्यांपूर्वी चोरीला गेलेला माझा सापळा शिंपीण अवूओरच्या मशीनवर दिसला आणि माझं डोकंच फिरलं. केनियातल्या या गावात त्सेत्से माशी चावून गुरं मरतात. निळ्या रंगावर ती झेपावते, म्हणून गुरांची डॉक्टर या नात्याने नदीकाठी मी निळ्या कापडाचे सापळे लावले होते.

"झगे शिवतेस यातून?"

"माप घ्यायला नेला होता, डॉक्टरीणबाई. या, दाखवते."

तिच्या जुन्या निळ्या झग्यांतून शिवलेले सात सापळे घरामागच्या तिच्या गोठ्याच्या कुंपणावर लटकत होते, माश्यांनी गच्च भरलेले. माझ्या सापळ्यांत मूठभरही सापडत नसत. तीन वर्षांत पहिल्यांदाच जगलेलं वासरू आत आईला लुचत होतं.

"तुमचे टाके सैल, माश्या निसटतात," ती म्हणाली. "मी दुहेरी घातले."

संध्याकाळपर्यंत नदीकाठचे सगळे सापळे मीच सोडवून तिच्या मशीनपुढे आणून टाकले.