आवाज काढलेलं वाक्य

जयंत पांढरीपांडेंनी कॅसेट पुन्हा मागे घेतली. टीव्हीवर एका साध्या खोलीत एक तरुण जेवत होता. हातातला घास मध्येच थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, ओठ हलले. आवाज नव्हता.

“आधी हात, मग चेहरा. दार मात्र दाखवतच नाही,” जयंत म्हणाले. “म्हणजे जो यायचा आहे, तो याच्या मनातच आहे. आपला उदय वाट बघतोय, विजया.”

विजया मेथी निवडत होती. “तो उदय नाहीच. पाट्यांत नाव वेगळं दिलंय.”

“मी ओळखणार नाही का त्याला? ओठ बघ. ‘बाबा’ म्हणतोय तो.”

ती परात उचलून आत गेली.

उदयने इंजिनिअरिंग सोडून नाटक धरलं, तेव्हा जयंतनी त्याची ट्रंक क्वार्टरच्या अंगणात फेकली होती. पोरगं मुंबईला निघून गेलं. पत्र नाही, फोन नाही. भोपाळच्या त्या पिपलानी वसाहतीत कुणी विचारलं की जयंत विषय बदलत. मग हा सिनेमा आला आणि ते त्या एका प्रसंगावर जगू लागले. कारखान्यातून स्कूटरवरून आले की कपडेही न बदलता टीव्ही लावायचे.

तिथल्या मराठी मंडळाने त्याच सिनेमाचे दिग्दर्शक नारायण राजवाडे यांना व्याख्यानाला बोलावलं. विजयाचं डोकं दुखत होतं. जयंत एकटेच गेले. आपण कोण ते सांगायचं नाही, शेवटी गुपचूप उदयचा पत्ता मागायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

राजवाडेंनी नेमका तोच प्रसंग लावला.

“हा इथलाच बरं का. टी. टी. नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये घेतलाय.”

“भोपाळमध्ये?” जयंत उभेच राहिले.

“हो. मुलगाही इथलाच. ताटातलं जेवण खरं आहे. त्याची आई रोज दुपारी सिटी बसने डबा घेऊन यायची. कॅमेऱ्यामागे माझ्या शेजारीच बसायची.”

जयंतनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. विजया दुपारी भजनाला जात असे. निदान तसं सांगून जात असे.

“आणि ते वाट बघणं?” त्यांनी विचारलं. “ते कसं करून घेतलंत?”

राजवाडे हसले. “सगळ्यांना ते वाट बघणंच वाटतं. मी काहीच करून घेतलं नाही. जेवता जेवता बाहेर एक स्कूटर थांबली. तो दचकला, दाराकडे बघतच आईला काहीतरी बोलला. कॅमेरा चालूच होता. चेहरा इतका खरा आला की मी तो ठेवला. वाक्य पटकथेतलं नव्हतं, म्हणून फक्त आवाज काढून टाकला.”

“काय बोलला?”

“‘बाबा आले. आई, मागचं दार उघडं आहे ना?’”