कणा नसलेले जीव

पेटीवरचा कपडा दूर केला आणि संपतरावांनी उपरणं नाकाशी धरलं.

अंदमानातल्या एका बेटावरून आलेली ती पेटी. सरदार मानसिंगरावांना असल्या वस्तू जमवण्याचा नाद होता, आणि बरण्यांवर चिठ्ठ्या डकवण्याचं काम संपतरावांचं. महाराज विलायतेहून बडोद्याला परतले की निवडक बरण्या राजवाड्यावर नजर करायच्या होत्या. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'एकाच बेटावरचे सत्तेचाळीस जीव. सगळे कणा नसलेले.'

संपतराव एकेक बरणी उजेडात धरू लागले. टम्म फुगलेल्या जळवा. पाय पोटाशी घेतलेला केसाळ कोळी. आतडं कापून टाकावं तशी समुद्रकाकडी. कवचातून निम्मी बाहेर लोंबणारी, मुठीएवढी गोगलगाय. देवाला एवढी किळस एकाच बेटावर का ओतावीशी वाटली, त्यांना कळेना.

मग वीतभर लांब गोमेची बरणी हाती आली. काल मानसिंगरावांसमोर पेटी फोडली, तेव्हा ती गळ्यापर्यंत स्पिरिटने भरलेली होती. आज तळाशी चार बोटं उरलं होतं. शेजारच्या पाच बरण्यांचीही तीच गत.

पहाऱ्याला थोरले बंधू धनाजीराव होते, संपतरावांच्याच शब्दावर ठेवलेले. हाक मारली तसे ते भिंत धरत आले.

"दादा, यातलं स्पिरिट कुठं गेलं?"

"दारूच की ती." धनाजीराव ओशाळं हसले.

"अहो, गोम होती त्यात!"

"ती बाजूला काढून ठेवली होती. पुन्हा घातली." मग जरा ऐटीत म्हणाले, "जळवांच्या बरणीला हात लावला नाही हं. तेवढी शुद्ध आहे मला."

दादांच्या मिशीत एक पिवळा, बारीक पाय अडकला होता.

जिन्यावर पावलं वाजली. संपतरावांनी दोन बोटांनी तो पाय ओढून काढला आणि खिडकीबाहेर टाकला.

"बरण्या अर्ध्या कशा?" मानसिंगरावांनी येताक्षणीच विचारलं.



"बोटीवर सांडलं असेल, सरकार," संपतराव म्हणाले. "झाकणं सैल लावलीत पाठवणाऱ्यानं."

"काल तर भरलेल्या दिसल्या."

"काल उजेड कमी होता, सरकार."

"नालायक माणूस! त्याला आजच कडक पत्र लिहा. पुढची पेटी नको म्हणावं, आणि हिचा मेहनताना मिळणार नाही."

"जी."

सरकार गेले. धनाजीरावांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "माझा भाऊ शोभतोस," ते म्हणाले.

संपतराव अंगणातल्या हौदावर गेले आणि चुळांवर चुळा भरत राहिले.