नावाचा दगड

“यातली कुठली?” सकिनानं विचारलं.

भिंतीपलीकडं शे-दीडशे कबरी होत्या. मातीचे नुसते उंचवटे, डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. कुठं नाव नाही, साल नाही. डाव्या हाताला ओमानमधल्या इब्रा गावाची जुनी पेठ. पूर्वी वाळवंट ओलांडून आलेले उंटांचे तांडे तिथं उतरायचे म्हणे, आता पडक्या कमानींखाली टुरिस्ट फोटो काढत होते. उजवीकडं अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग. सकिनाचा नवरा कासम त्या बागेत सव्वीस वर्षं राबला आणि कोविडच्या साली इथंच मातीत गेला. विमानं बंद होती. त्याचं शेवटचं तोंडसुद्धा तिला दिसलं नाही.

“ठाव नाय गो,” अर्बाब म्हणाला.

सकिना दचकली. पंचाहत्तरीचा म्हातारा बागमालक, पांढरा पायघोळ डिशडाशा, डोक्याला फेटा, हातात काठी, आणि तोंडात रत्नागिरीची बोली! अब्बांनी त्याला शिकवलंय, असं लेकीनं, अंबरीननं, कुरुमच्या तिच्या घरून येताना गाडीत सांगितलं होतं खरं. पण सांगणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. तो ‘गो’सुद्धा कासमसारखाच, जरा लांबवलेला.

“ठाव नाय म्हणजे?”

“चार लोक आले, प्लास्टिकचे कपडे घालून. मला या भिंतीपाशी उभा केला. त्या दिवशी तीन मयती व्हत्या. मी लांबून बघितला फक्त.”

सकिनानं पिशवीतून टॉवेलचं गाठोडं काढलं आणि ते सोडलं. आत काळ्या दगडाची पाटी होती. कासम दाऊद मुकादम, मु. साखरतर. खाली जन्माचं आणि मरणाचं साल. वजन फार झालं म्हणून तिनं एअरपोर्टवर कोकमं काढली, तांदळाचं पीठ काढलं, लेकीची चादर काढली. पाटी काढली नाही.

अर्बाबनं पाटीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

“इथं नाव लावत नाय. माझ्या बापाला पण नाय लावला. अल्लाला सगळी नावं ठाव हायत.”

“अल्लाला असतील,” सकिना म्हणाली. “मला कुठं बसायचं तेवढं सांगा.”

“अम्मी, हळू,” अंबरीन पुटपुटली.

“हळू काय? सव्वीस वर्षं माणूस यांच्याकडं. माझ्याकडं यायचे ते दोन वर्षांतून दोन महिने, पाहुण्यासारखे. तेही अर्धे लग्नकार्यात जायचे. मला नसेल ठाऊक, यांना तरी असायला नको?”

काठीनं वाट दाखवत म्हातारा बागेकडं चालू लागला.

बागेत पाण्याचा अरुंद पाट वाहत होता. पाटाच्या कडेनं खजुराखाली अळू माजलं होतं. ओमानमध्ये अळू! सकिना वाकली. देठ काळे. तिनंच दिलेले कंद, एका सुट्टीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. कासमनं कधी सांगितलंही नाही की रुजले म्हणून. तिला रडूच कोसळलं. भिंतीपाशी आलं नव्हतं ते सगळं इथं आलं.

“आमी खात नाय,” अर्बाब म्हणाला. “पण उपटला पण नाय.” मग जरा थांबून, “तुझा दगड इथं लाव. माझी बाग हाय, कोण काय बोलणार नाय.”

सकिनानं ओढणीनं नाक पुसलं. “नको. इथं ते राबले. इथं निजलेले नाहीत.”

पाटाशी सिमेंटचा एक ओटा होता. ती त्यावर टेकली, पाटी मांडीवर घेऊन. अंबरीननं पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली नाही.

“तो पण इथंच बसायचा,” अर्बाब म्हणाला. “मगरीबची नमाज झाली की तुला फोन. मी तिकडं खाटेवर. सगळा आयकायचो.”

“काय बोलायचे?”

“तुला ठाव हाय की.”

“मला ठाऊक आहे. तुम्ही बोला.”

“मी कसा बोलू?”

“त्यांनीच शिकवलंय ना तुम्हाला? बोला त्यांच्यासारखं. एकदाच.”

अर्बाबनं अंबरीनकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. म्हाताऱ्यानं काठी ओट्याला टेकवली, घसा खाकरला, आणि फोन धरावा तसा हात कानाशी नेला. नजर पाण्यावर ठेवली.

“सकिने, जेवलीस काय गो?”

सकिनानं डोळे मिटले.

“जेवले,” ती म्हणाली. “तुम्ही?”

पुढचं अर्बाबला पाठ होतं. तरी त्यानं कानाचा हात खाली घेतला.

“असा बोलायचीस व्हय,” तो आपल्या आवाजात म्हणाला. “सव्वीस वर्षांत मला तुझा आवाज कदी आला नाय.”